आश्रयाच्या ओळी

अळीला मारणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळे. ते कडेने पेरून त्यावर अळ्या जगू द्यायच्या. विष पचवणाऱ्या विरळ पतंगांचा त्यांच्या पतंगांशी संकर झाला, की संतती बहुधा विषाला बळी पडते. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही. २०१० साली गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिले विष पचवत असल्याचे जाहीर झाले, पुढे दुसरेही.

दोष शेतकऱ्याचा? मला तसे सरळ म्हणवत नाही. अळीचे दुबळेपण ही सर्वांची सामाईक ठेव. तिची राखण मात्र दोन एकरवाल्याने पदरचे पीक देऊन करायची, आणि शेजाऱ्याने ती केली नाही तर तेही व्यर्थ! तरीही पुडी बांधावर टाकणारा हात माझा असता, तर मी स्वतःला निर्दोष म्हटले असते का?