वाहते आणि साठवलेले

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आत्याच्या घरी टीव्हीला जोडायचे एक यंत्र घ्यावे असे ठरले आणि कोणते घ्यावे हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. आत्या तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका वाडीत राहते. तालुक्याचे नाव वेल्हे जाऊन आता राजगड झाले आहे. पण आत्या अजून वेल्हेच म्हणते, आणि तिच्यापुढे मीही. तिचा नातू पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "काका, यात ठरवायचं काय आहे? एक कांडी घ्यायची, टीव्हीच्या मागे खोचायची, झालं." मी भोरचा माणूस, यंत्रांतले मला बेताचेच कळते. पण चौकशी करू लागलो तसतसा हा प्रश्न यंत्रापुरता राहीना. आपल्या घरात काय असावे, आणि ते कोणाच्या भरवशावर असावे, असा काहीतरी तो होऊन बसला.

अशी यंत्रे ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक जात ह्या बोटभर कांडीची. तिच्यात स्वतःचे असे फारसे काही नसते. इंटरनेटवरून चित्र येत राहते, ती दाखवीत राहते आणि दाखवून झाले की विसरते. दुसरी जात साठ्याची. हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडावा आणि त्यात जे असेल ते पाहावे. दोन्ही कामे करणारी यंत्रेही मिळतात, परंतु त्यांत एक काम सख्खे आणि दुसरे सावत्र असते. कांडीला पेन ड्राइव्ह लावायचा तर बहुधा निराळी वायर शोधावी लागते. आणि साठ्याचे स्वस्त यंत्र घ्यावे तर त्याला पुष्कळदा चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांची मान्यता नसते, मग महिन्याचे पैसे भरूनही चित्र अंधुक ते अंधुकच.

पहिल्या प्रकाराला 'स्ट्रीमिंग' म्हणतात. तो शब्द इंग्रजीत ओढ्यावरून आलेला आहे. आता भोर-वेल्ह्याच्या माणसाला वाहते पाणी आणि साठवलेले पाणी यांतला फरक कोणी शिकवायला नको. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण 1920 नंतरच्या दशकात पुरे झाले; मुंबईच्या लॉईड गव्हर्नराचे नाव त्याला दिले होते. पावसाळा संपता संपता ते भरते तेव्हा सुमारे 23 टीएमसी पाणी आमच्या उशाशी असते. ते जाते कोठे? नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापुराकडे आणि उजव्याने फलटण-माळशिरसाकडे. पानशेतचे जाते पुण्याच्या नळांना. आणि एप्रिल-मे महिन्यांत ह्याच डोंगरांतल्या काही वाड्या टँकरची वाट पाहत बसतात. खालच्या शेतांना पाणी मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. कोणाच्या तरी ताटात ते पोचतेच. पण पाणी डोळ्यांना दिसते म्हणून ते आपले म्हणावे, ही चूक आमच्याकडचे पोरही करणार नाही. दरवाजाची किल्ली कोणाकडे आहे, हे आम्ही आधी विचारतो.

चित्रांच्या ओढ्याचेही तसेच आहे. यादी केवढी मोठी! एका जन्मात पाहून संपणार नाही. पण त्या यादीतला चित्रपट पुढच्या महिन्यात तेथे असेलच असे नाही, कारण दाखवणाऱ्यानेही तो मुदतीच्या कराराने आणलेला असतो. बरे, 'विकत' घेतला तरी काय? जुलै 2009 मध्ये अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने वाचनयंत्रांवर विकलेली काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, आणि विकणाऱ्याला त्या प्रतींचा हक्कच नव्हता हे कारणही खरे होते. त्या पुस्तकांत ऑर्वेलची '1984' ही कादंबरी असावी, ही मौज कोणा विनोदी लेखकालाही सुचली नसती. कॅलिफोर्निया राज्यात 2025 पासून असा कायदाच आहे की, जी वस्तू पुढे काढून घेता येते ती विकताना, हा नुसता परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे सांगितल्यावाचून लोकांना कळत नव्हते.

शिवाय वाडीतली व्यावहारिक अडचण होतीच. स्वच्छ चित्राचा एक तास म्हणजे तीन जीबीपर्यंत खर्च. मोबाइलच्या दिवसाच्या दोन जीबीत नायक-नायिकेची जेमतेम ओळख होते. आत्याच्या ओसरीवर मोबाइलच्या रेघा कधी दोन, कधी एकही नाही. आषाढात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मुका होतो. डोंगराच्या सावलीत राहणाऱ्यांना हे नवे नाही. सिंहगडावर टीव्हीचा मनोरा 1973 साली आला, तो तेथून फार दूर नाही. तरी कितीतरी खोऱ्यांत पुढे वर्षानुवर्षे चित्र कमी आणि मुंग्याच जास्त दिसत.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग साठा करा, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. साठाही फुटतो, हे पानशेतने 12 जुलै 1961 रोजी पुण्याला दाखवले. आत्याच्या माळ्यावर व्हिडिओ कॅसेटींचा एक खोका होता. वेल्ह्याचा पाऊस कॅसेटीच्या आतही शिरतो. निम्म्या फितींना पांढरी बुरशी धरलेली. हार्ड डिस्कही काही वर्षांनी एके सकाळी नुसती कटकट करते आणि उघडत नाही. आणि ती उघडली, तरी आतली लिपी वाचणारे यंत्र पाहिजे. ह्या फायलीही निरनिराळ्या पद्धतींनी आवळून बांधलेल्या असतात. 2013 साली ठरलेली पद्धत त्याआधीच्या यंत्राला समजत नाही. भोरच्या जुन्या घरांत मोडीतले कागद अजून सापडतात. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि घरात वाचणारा कोणी नाही. साठा म्हणतात तो पुष्कळदा असाच असतो.

मोठ्यांच्या घरी तरी काय निराळे झाले? 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट 1931 साली निघाला. लोकांनी त्याला तुफान गर्दी केली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्रा'ची सारी रिळेही हाती राहिली नाहीत. जुन्या फितींतून चांदी निघते म्हणून त्या विकल्या गेल्या. त्यांचा मसाला असा की नुसत्या उष्णतेने पेट घेई. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर नावाच्या गृहस्थांनी गावोगाव हिंडून, गोदामे धुंडाळून, मिळेल ते रीळ आणून ठेवण्यात आयुष्य घातले. चांगले-वाईट हा भेद त्यांनी ठेवताना केला नाही. असे असूनही जानेवारी 2003 मध्ये पुण्यात आग लागून कितीतरी जुन्या फिती गेल्या. वाचले ते बहुधा तेच, ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या कोठेतरी होती. आपल्या पोथ्याही अशाच टिकल्या. सांभाळणे म्हणजे कुलूप लावणे असे आपण समजतो. पोथ्या टिकल्या त्या दर दोन-तीन पिढ्यांनी कोणीतरी बसून नक्कल केली म्हणून.

नक्कल म्हटली की नाजूक विषय येतो. डिस्क घ्यायला बाजारात गेलो तर दुकानातल्या मुलाने मोठ्या आपुलकीने विचारले, "काका, भरून देऊ का? हजारभर पिक्चर बसतील. नवेसुद्धा आहेत." किंमत ऐकून मला लाज वाटली, इतकी ती थोडी होती. नातवाचे मत पडले की, यात कोणाचे काय जाते? वस्तू जेथली तेथेच राहते. हा युक्तिवाद सोपा नाही, म्हणून मी त्यावर बराच विचार केला. आपल्या 1957 च्या कायद्याने चित्रपटावरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे चित्रपट म्हणून प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' किंवा आचार्य अत्र्यांची 1953 ची 'श्यामची आई' आज कोणा एकाची मिरास नाही. परंतु गेल्या वर्षी ज्या मुलांनी कर्ज काढून मराठी चित्रपट केला त्यांचे काय? भाकरीसारखी ती वस्तू संपत नाही हे खरे. पण ती भाजणाऱ्याचा दिवस तर संपलेला असतो. त्याची मजुरी बुडवून आत्याच्या घरात करमणूक आणणे मला पटेना.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या वाडीत ओढा पोचतच नाही तेथल्या माणसाने काय करावे? पूर्वी पैसे टाकून कॅसेट, पुढे तबकडी विकत मिळे. घरी आणली की ती आपली. आज पुष्कळ चित्रपट अशा रीतीने विकतच मिळत नाहीत, फक्त पाहण्याची परवानगी मिळते. प्रामाणिक माणसाला विकत घेण्याची वाट बंद करायची आणि मग तो आडवाटेने गेला म्हणून ओरडायचे, यात व्यापाऱ्याचाही दोष आहे. दोष आहे म्हणून आडवाट सरळ होत नाही, एवढेच.

आत्याला ह्या वादात रस नव्हता. ती म्हणाली, "हजार घेऊन मी काय करू रे? मला ह्यांचं ते लग्नातलं तेवढं लाव."

'ह्यांचं' म्हणजे आतोबांचे. 1994 साली आतेबहिणीचे लग्न झाले, त्याची कॅसेट त्या बुरशीच्या खोक्यातली. पुण्यात एकाकडून ती साफ करून घेतली आणि तिची फाईल बनवली. सव्वादोन तासांच्या त्या लग्नात आतोबा चाळीस सेकंद आहेत. आचाऱ्याला काही सांगतात, कॅमेरा आपल्याकडे वळला आहे हे ध्यानात येताच टोपी सारखी करतात आणि अवघडून चित्राबाहेर निघून जातात. आवाज नाही. व्हिडिओवाल्याने वरून सनई घातली आहे. 2001 साली ते गेले. त्यांची हलती-चालती आठवण जगात एवढीच.

मला वाटते, निवडीचा खरा धागा येथे सापडतो. जगातल्या कोणत्याही ओढ्यातून हे चाळीस सेकंद कधी वाहत येणार नाहीत. लक्षावधी लोक जे पाहतात ते ठेवण्याची काळजी आत्याने का करावी? ते वाहते असू द्यावे. वाहत्याचेही उपकार थोडे नाहीत. जत्रेतल्या तंबूने भोरला जे कधी आणले नसते, ते आज रेघा नीट असल्या तर एखादी शाळकरी मुलगी घरबसल्या पाहते. मात्र जे आपल्यावाचून दुसरे कोणी ठेवणार नाही ते ठेवण्याचे ओझे आपल्यावर आहे.

आणि तरी माझे मलाच हे पुरते पटत नाही. कारण 1931 सालीही प्रत्येकाला हेच वाटले असेल की, 'आलम आरा' काय, एवढा गाजलेला, कोणीतरी ठेवीलच. दुसरीकडे नातवाच्या फोनमध्ये चौदा हजार छायाचित्रे आहेत. तो सगळे ठेवतो आणि काहीच पाहत नाही. नायरांनी भेद न करता ठेवले ते खरे. पण त्यांच्यामागे शीतगृहे होती, सरकार होते. आत्याच्या घरी एक फडताळ आहे. घरगुती माणसाला निवडावेच लागते, आणि निवडताना काही टाकावेच लागते. कॅसेटींचा उरलेला खोका टाकताना त्यात कोणाकोणाची चाळीस सेकंदे गेली असतील, हे मला सांगता येणार नाही.

शेवटी साठ्याचे यंत्र घेतले, मोठी बटणे असलेले. नातू म्हणत होता की, हे सारे ढगात ठेवू, तेथे काही हरवत नाही. पण गूगलनेच 2023 मध्ये जाहीर केले की, दोन वर्षे ज्याला कोणी हात लावला नाही असे वैयक्तिक खाते काढून टाकता येईल. माणूस गेल्यावर दोन वर्षे तर दुःख ओसरण्यातच जातात. म्हणून प्रती तीन केल्या: एक आत्याकडे, एक पुण्यात, एक माझ्याकडे भोरला. दिवाळीत सगळे जमतात तेव्हा तिन्ही उघडून पाहायच्या आणि जुनी झालेली डिस्क बदलायची, असे ठरले आहे. माझ्यानंतर हे कोणी करायचे यावर नातू "मी करीन" म्हणाला खरा. पण त्याच वेळी तो फोनमध्ये पाहत होता.

डिस्कवर सध्या ते लग्न आहे, 'संत तुकाराम' आहे, धाकट्यांची दोन बारशी आहेत. बाकी ती जवळजवळ रिकामीच आहे. नातवाला ती जागा वाया गेल्यासारखी वाटते. आत्याला भोंडल्याची जी गाणी येतात, त्यांतली काही तिच्या वाडीबाहेर मी कोठे ऐकली नाहीत. फोनसमोर गायला ती लाजते. मेंगाईची शपथ घातली तेव्हा कशीबशी तयार झाली आहे. भाऊबीजेला, तेही सुना चुलीपाशी असतील तेव्हाच, अशी तिची अट आहे.