एका पैची चूक

देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिणाऱ्या एकनाथांना एका पैची चूक सापडेना. रात्रभर जागून ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, अशी आख्यायिका आहे. हीच एकाग्रता देवाकडे लाव, असं गुरूंनी म्हणे सांगितलं.

३१ मार्च जवळ आला तरी आजच्या किराणा दुकानदाराला असं जागावं लागत नाही. अनुमानित कर योजनेत दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ८ टक्के, डिजिटल वसुलीवर ६ टक्के नफा दाखवला की सविस्तर वह्यांची सक्ती टळते.

पण खरा नफा १५ टक्के असेल तर?

कायद्याच्या लेखी ८ टक्के हा किमान आकडा. जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं. वहीच नसेल तर ते ‘जास्त’ मोजणार कोण? दिवाळीत चोपडीपूजन करणाऱ्या दुकानदाराला हा धर्माचा प्रश्न वाटायला हवा. करसल्लागार त्यात सहसा पडत नाही. त्याची चौकशी एवढीच, १५ मार्चपर्यंत आगाऊ कर भरला का?