धबधबा आणि दिवा



आपल्यापैकी काहींची मुले आज अमेरिका-कॅनडात नोकरीला आहेत. आईवडील त्यांच्याकडे गेले की एक सहल ठरलेलीच असते, नायगाराची. रेनकोट घालून सगळे कुटुंब बोटीत उभे राहते, तुषारांनी चिंब होते आणि नकळत हात जोडले जातात. निर्माणकर्त्याची थोरवी पाहून मस्तक नमणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

फ्रान्सिस्कन मिशनरी फादर लुई हेनेपिन यांनी १६७८ साली हा धबधबा पाहिला. पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी त्याची उंची ६०० फुटांहून अधिक लिहिली. प्रत्यक्षात ती सुमारे १७० फूट आहे. डोळे दिपले की आपलेही माप असेच चुकते.

नायगाराची दुसरी बाजू मात्र पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली करार झाला. त्यानुसार एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दिवसा धबधब्यावरून किमान एक लाख क्युसेक पाणी सोडावे लागते. रात्री आणि हिवाळ्यात निम्मे सोडले तरी चालते. मग उरलेले पाणी कुठे जाते? ते बोगद्यांतून वीजकेंद्रांकडे जाते आणि घराघरांत दिवे लागतात. त्या पाण्याचा फोटो कोणी काढत नाही.

हे समजायला आपल्याला इतक्या दूर जायला नको. वरवे बुद्रुकहून कापूरहोळमार्गे भोरकडे वळले की पावसाळ्यात वरंधा घाटापर्यंत डोंगर पांढऱ्या धारांनी भरलेले दिसतात. आपण गाडी थांबवून त्या पाहतो. पण भाटघर आणि नीरा देवघर धरणांत साठून पुढे कालव्यांनी बारामती-फलटणच्या शेतांत जाणारे पाणी मुकाट्याने वाहते, आणि पिके त्यावरच उभी राहतात.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की दानधर्म, प्रार्थना आणि उपवास लोकांनी पाहावे म्हणून करू नका. त्याच प्रवचनात तो आपला प्रकाश लोकांपुढे पडू द्या असेही सांगतो. यात विरोध नाही. पाणी गुप्तपणे वाहते, तेव्हाच दिवा उजळतो.

आपली रविवारची मिस्सा, सणाची गर्दी, गायन हे दिवसाचे पाणी आहे, आणि ते हवेच. पण बुधवारी रात्री काय वाहते? शेताच्या बांधावरून अबोला धरलेल्या भावाकडे आपण जातो का? अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याची चौकशी करतो का? परदेशातील मुलांनो, आईबाबांना नायगारा दाखवलात, फार चांगले केलेत. पण ते परत येऊन रिकाम्या घराचे कुलूप उघडतात, त्यानंतरच्या साध्या दिवशी तुमचा फोन येतो का? आणि आपण आईवडील, मुलाने काय दाखवले हे चारचौघांत सांगताना, दुरून तो मुकाट्याने काय सोसतो हे कधी त्याला विचारतो का?

या आठवड्यात प्रत्येकाने कोणालाही न सांगता प्रेमाचे एक काम करावे. पिता ते पाहतो.

हे प्रभो, तुझी कृपा आमच्यातून गुपचूप वाहू दे, आणि कोणाच्या तरी घरात दिवा लागू दे. आमेन.