न घेण्याचं पुण्य

आमच्या बेलापूरच्या सोसायटीत रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे पडतात, मुंग्यांच्या रांगेला चिमूटभर साखर मिळते, शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी. हे सगळं श्रद्धेनं चालतं आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण एकादशीला आम्ही काही जणी गीता वाचतो, तेव्हा सोळाव्या अध्यायाशी मी दर वेळी थांबते. दैवी गुणांच्या यादीत प्राणिमात्रांची दया येते आणि तिला लागूनच अलोलुपता, म्हणजे हाव नसणं. ही दोन्ही शेजारी का असावीत? ज्या जिवाला आपण काहीच देऊ शकत नाही, त्याच्यावर दया करायची तरी कशी?

माझं सासर सावंतवाडीकडचं, त्यामुळे आंबोलीचा घाट आमच्या वाटेवरच. तिथे झुडपांत एक बेडूक राहतो, बोटाच्या दोन पेरांएवढा. २००९ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावात आंबोली आली. पश्चिम घाटाबाहेर तो कुठेच नाही. आंबोलीपासून दक्षिणेला कर्नाटकातल्या घाटापर्यंत, एवढंच त्याचं जग. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. त्याची पिल्लं डबक्यात वाढत नाहीत. टॅडपोलची अवस्था अंड्यातच सरते आणि इवलासा पुरता बेडूकच बाहेर येतो. डबकं लागत नाही म्हणूनच अंड्यांभोवतीची ओल जाऊन चालत नाही. झुडपं तोडली, ऊन थेट जमिनीवर आलं, की ती ओल जाते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वँडरिंग सॅलमँडर नावाचा असाच एक झाडावरचा उभयचर आहे. प्रचंड रेडवुड वृक्षांच्या माथ्यावर, फांद्यांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात आणि नेच्यांच्या गादीत तो राहतो. त्याला फुप्फुसंच नाहीत, तो ओल्या कातडीनं श्वास घेतो. तोडलेल्या रेडवुडच्या जागी नवं झाड उंच वाढेलही, पण फांदीवर तशी माती साठायला झाड म्हातारं व्हावं लागतं. आणि तिथलं मूळ जुनं जंगल आता जेमतेम पाच टक्के उरलं आहे.

या दोघांनाही दाणे नकोत, पाणपोई नको. त्यांना हवी असलेली जागा आपण बनवूही शकत नाही. ती मोडायची नाही, एवढंच आपल्या हातात.

‘पण तो बेडूक नसला तर आपलं काय अडणार आहे?’ शेजारच्या वहिनींनी सरळ विचारलं. तो किडे खातो, असं उत्तर देता आलं असतं. मला ते पुरेसं वाटत नाही. उपयोगावर उभी केलेली दया उपयोग संपला की कोसळते. आपल्या पूर्वजांनी देवरायांत याहून खोल उत्तर शोधलं होतं: हे रान देवाचं, इथली काटकीही न्यायची नाही. आत कोण राहतं याची यादी त्यांच्याकडे नव्हती, तरी हात आवरला. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळाच्या परिसरात २०२० साली माशाची एक नवी जात नोंदवली गेली. तिला हिरण्यकेशीचंच नाव मिळालं आणि २०२१ साली सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शास्त्राला तो मासा कळायच्या कितीतरी आधीपासून ते पाणी देवाचं होतं.

देवराई भीतीनं टिकली, भक्तीनं नव्हे, असा आक्षेप मी ऐकला आहे. भीती होतीच. पण तिच्या मुळाशी एक कबुली होती, की या जमिनीचा धनी मी नाही. ती कबुली विसरली की भक्तीसुद्धा घातक होते. देवीला मोठं देऊळ हवं म्हणून राईतली झाडं पडतात, सभामंडप येतो, फरशी येते. देणाऱ्याचं मन निर्मळ असतं, आणि त्या दानाखाली ओल मरते.

हे सगळं मी शहरात बसून बोलते आहे, हेही खरं. १९७० साली शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर आमचं हे शहर उभं राहिलं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली. माझंही घर याच शहरात आहे. जगायला जागा लागतेच. पण गावठाणांत गावदेवीचे वड-पिंपळ अजून आहेत, खारघर-बेलापूरचे डोंगर आहेत, पलीकडे कर्नाळ्याचं रान आहे. नवरात्रात देवीला काय वाहायचं, असं कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन, वडाखालची माती उघडी राहू द्या. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायची देणगी देऊ नका. पडलेली पानं जाळू नका.

अशा दानाची पाटी लागत नाही आणि ज्याच्यासाठी केलं तो जीव बहुधा दिसतही नाही. तरी मी त्याला दयाच म्हणते. जगातले बहुतेक जीव आपल्या हातून काही खात नाहीत. त्यांच्यापर्यंत आपली पोचते ती फक्त हाव. म्हणून हाव आवरणं हीच त्यांच्यावरची दया, आणि गीतेत ते दोन गुण शेजारी आहेत ते याचसाठी, असं मी मनापासून मानते.