वास्तव्यासाठी भूमी कोणती?

गेल्या रमजानमध्ये कुवेतहून सुट्टीवर आलेल्या माझ्या भाच्याने तरावीहनंतर मला एक प्रश्न विचारला. त्याच्या नोकरीचा करार संपत आला होता, कॅनडात स्थायिक होण्याचा अर्ज भरून तयार होता आणि खेड तालुक्यातील वडिलोपार्जित घरात त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, एकटी राहत होती. तो म्हणाला, "मामू, मुसलमानाने राहावे अशी जगातली सर्वांत चांगली जागा कोणती?" मी त्या वेळी काहीतरी मोघम बोललो. त्याने त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. त्या अपुऱ्या उत्तराची ही भरपाई आहे, असे समजा.

राहण्यास उत्तम शहरांच्या याद्या दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. व्हिएन्ना, कोपनहेगन, झुरिच ही नावे बहुधा वरच्या ओळीत असतात. शांतता व स्थैर्य, आरोग्यसेवा, शिक्षण, पर्यावरण, रस्ते-पाणी या कसोट्यांवर ही क्रमवारी लावलेली असते. या याद्यांना 'दुनियादारी' म्हणून नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते योग्य वाटत नाही. हजरत इब्राहीम (अ.) यांनी मक्केसाठी केलेली प्रार्थना सूरह अल-बकरामध्ये आली आहे. त्यांनी प्रथम त्या नगरीसाठी शांतता मागितली आणि मग तेथील रहिवाशांसाठी फळफळावळ. सुरक्षितता आणि अन्न, ही प्रेषितांनी मागितलेली मागणी आहे. ती करण्यात कमीपणा कसला?

परंतु हेच हजरत इब्राहीम (अ.) आपल्या पत्नीला व तान्ह्या मुलाला जेथे ठेवून गेले, त्या दरीत ना पाणी होते ना शेती. आजची कोणतीही यादी घेतली तर ती जागा तळाशीही दिसली नसती. त्यांनी ती का निवडली, हेही कुरआनने सूरह इब्राहीममध्ये सांगितले आहे : आपल्या संततीने तेथे नमाज कायम करावी म्हणून. लोकांची अंतःकरणे त्यांच्याकडे वळावीत, अशी विनवणी त्यांनी त्यानंतर केली. आधी उद्देश, मग माणसे, मग उपजीविका. प्रार्थनेतील हा क्रम मला फार बोलका वाटतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात स्थळ निवडण्याचा पहिला प्रसंग आला तो प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स. 615च्या सुमारास. मक्केत अनुयायांचा छळ असह्य झाला, तेव्हा त्यांनी सहाबांना हबशा देशात जाण्याचा सल्ला दिला. कारण काय दिले? तेथील राजाच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही, हे. तो राजा, नज्जाशी, ख्रिस्ती होता. जगाच्या पाठीवर त्या वेळी एकही मुस्लिम सत्ता नव्हती, हे खरे, परंतु पुढे मदीनेत इस्लामी समाज उभा राहिल्यावरही हजरत जाफर बिन अबी तालिब (र.) व त्यांचे अनेक सोबती हबशातच राहिले. ते परतले हिजरी 7मध्ये, खैबरच्या विजयाच्या वेळी. इतकी वर्षे तेथे का राहिलात, असा ठपका त्यांच्यावर कोणी ठेवला नाही. उलट, खैबरच्या विजयाचा आनंद मोठा की जाफर आल्याचा, हे सांगता येत नाही, अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी काढले. भूमी निवडताना न्याय ही कसोटी किती वजनाची आहे, हे यावरून दिसते.

याची दुसरी बाजू सूरह अन-निसामध्ये आहे. जेथे आपला धर्म पाळणे अशक्य झाले तेथेच जे खितपत राहिले, त्यांना फरिश्ते विचारतील की अल्लाहची भूमी विस्तीर्ण नव्हती काय? पुढच्याच आयतीत, ज्यांना मार्ग नाही, साधन नाही, अशा दुर्बल पुरुषांना, स्त्रियांना व मुलांना यातून वगळले आहे. हा अपवाद आपण घाईने ओलांडतो. निघून जाणे हे सामर्थ्याचे लक्षण असते आणि ते प्रत्येकाजवळ नसते.

आता मदीनेकडे या. इ.स. 622मध्ये मुहाजिर तेथे पोहोचले, तेव्हा ती आज आपल्या मनात आहे तशी मदीना नव्हती. तेथे तापाची साथ होती. औस व खजरज या टोळ्यांतील बुआसचे युद्ध होऊन काही वर्षेच झाली होती. हजरत अबू बक्र (र.) व हजरत बिलाल (र.) येताच तापाने फणफणले. हजरत आयशा (र.) सांगतात की ताप उतरला की बिलाल मक्केतील गवताची, तेथील डोंगरांची आठवण काढत. विचार करा, वाचकहो! ज्या मक्केने त्यांना तापल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला, तिच्या गवतासाठी हा माणूस व्याकूळ होत होता. प्रेषितांनी त्यांना यावरून रागावले नाही. मक्केइतकी किंवा तिच्याहून अधिक मदीना आम्हाला प्रिय कर आणि तिचा ताप दूर कर, अशी प्रार्थना त्यांनी केली. मातृभूमीची ओढ ईमानाच्या आड येत नाही, हे मला या प्रसंगाइतके दुसरीकडे कोठे स्पष्ट दिसले नाही.

ताप हटला. पण मदीना मदीना झाली ती माणसांमुळे. हजरत सअद बिन रबीअ (र.) यांनी आपल्या मुहाजिर बंधूला, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना, अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुवा देऊन ती नाकारली आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. पनीर व तूप विकून त्यांनी संसार उभा केला. देणारा असा आणि घेणारा तसा, म्हणजे गाव राहण्याजोगे झालेच म्हणायचे!

आणि हिजरी 8मध्ये मक्का जिंकली गेली तेव्हा काय घडले? जन्मभूमी परत मिळाली. मक्का सोडताना, मला घालवून दिले नसते तर मी तुला सोडले नसते, असे प्रेषितांनी तिला उद्देशून म्हटले होते. अन्सारांच्या मनात पाल चुकचुकली : आता प्रेषित येथेच राहणार. त्यांनी अन्सारांना सांगितले की माझे जगणे तुमच्याबरोबर आणि मरणेही तुमच्याबरोबर. ते मदीनेत परतले. सर्वांत प्रिय भूमी हाती असताना ती सोडून, संकटात साथ देणाऱ्यांकडे ते गेले.

पवित्र भूमीत राहण्याची इच्छा आपल्यापैकी कित्येकांना असते. त्यांना मी हजरत सलमान फारसी (र.) यांची गोष्ट सांगतो. इस्फहानच्या परिसरात जन्मलेला हा मनुष्य सत्याच्या शोधात शाम, मोसल, नसीबैन, अमूरिया असा भटकला आणि अखेर गुलाम म्हणून विकला जाऊन मदीनेत आला. योग्य जागेच्या शोधाचा इतका अनुभव कोणाला असेल? मदीनेत प्रेषितांनी त्यांचे व हजरत अबू दरदा (र.) यांचे बंधुत्व जोडले होते. पुढे अबू दरदा शामला गेले व तेथून त्यांनी सलमान यांना पवित्र भूमीत येण्याचे निमंत्रण लिहून पाठवले. सलमान यांचे उत्तर इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये नोंदलेले आहे. त्याचा आशय असा की भूमी कोणाला पवित्र करीत नाही, मनुष्याला त्याचे कर्म पवित्र करते. त्याच पत्रात त्यांनी, काजीपद सांभाळताना जपून राहा, असेही बजावले. म्हणतात की त्यानंतर अबू दरदा निवाडा देऊन झाल्यावर कधीकधी दोन्ही पक्षांना परत बोलावीत आणि पुन्हा सांगा म्हणत. पवित्र भूमीत राहूनही हा धाक त्यांनी बाळगला.

देशाचे झाले. गल्लीचे काय? सूरह अत-तहरीममध्ये फिरऔनच्या पत्नीची प्रार्थना आहे. तिने अल्लाहजवळ, जन्नतमध्ये घर मागितले. विद्वानांनी येथे एक सुंदर गोष्ट टिपली आहे : तिच्या प्रार्थनेत 'तुझ्याजवळ' हे शब्द घराच्या आधी येतात. शेजार आधी, घर नंतर. आपल्या शहरांतून घर शोधणाऱ्याला शेजाराचा हा प्रश्न कडवट रूपात भेटतो. मी स्वतः एकदा भाड्याच्या घरासाठी फोन केला, नाव सांगितले आणि पलीकडून फोन ठेवला गेला. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली, ती जिवाच्या सुरक्षिततेसाठी. त्यांना दोष देणारा मी कोण? मात्र सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय पुढे सवय होतो आणि अन्य धर्मीय शेजारी कसा असतो हे आपल्या मुलांना ठाऊकच राहत नाही, याची मला चिंता वाटते. बनू सलमा कबिल्याने मस्जिदे नबवीच्या जवळ घरे हलवण्याचे ठरवले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना आहात तेथेच राहण्यास सांगितले. मशिदीकडे पडणारे प्रत्येक पाऊल नोंदले जाते, हे सांगून. मदीनेच्या कडा ओस पडू नयेत, हेही त्यामागे होते. दूरच्या कडेला राहणेही कधीकधी वस्तीची सेवा असते.

इमाम शाफई यांचे एक व्यवहारी मत सांगितले जाते : जेथे धर्माविषयी सांगणारा आलिम नाही आणि शरीराविषयी सांगणारा वैद्य नाही, त्या गावी राहू नये. गझ्झात जन्म, मक्केत बालपण, मग मदीना, यमन, बगदाद आणि अखेर मिसर, एवढी गावे पाहिलेल्या माणसाचे हे मत आहे. आपण घर घेताना मशीद किती अंतरावर आहे, ते पाहतो. दवाखाना आणि शाळा पाहतो का?

आता भाच्याकडे येतो. प्रेषितांकडे एक मनुष्य हिजरतची प्रतिज्ञा घेण्यास आला आणि म्हणाला, आईवडिलांना रडत सोडून आलो आहे. प्रेषितांनी त्याला परत पाठवले. ज्यांना रडवलेस त्यांना जाऊन हसव, असे सांगून. तो कोठे राहायला निघाला होता? खुद्द प्रेषितांच्या सहवासात! त्याहून उत्तम जागा कोणत्या यादीत सापडेल? याचा अर्थ परदेशी जाऊ नये, असा मी काढत नाही. कोकणातील कित्येक घरे आखातातून आलेल्या पैशांवरच उभी आहेत आणि कित्येक मातांनी मुलांना स्वतः हसतमुखाने निरोप दिला आहे. माझी बहीणही कदाचित जा म्हणेल. ती मात्र येणार नाही. आमच्या मेव्हण्यांची कबर गावच्या कब्रस्तानात आहे.

हे सारे मी भाच्याला लिहून पाठवले. अर्ज अजून पाठवलेला नाही, असे त्याने परवा फोनवर सांगितले. आईला विचारलेस का, असे मी विचारले, तेव्हा तो कुवेतच्या उन्हाळ्याविषयी बोलू लागला.