दुरुस्तीची पानं आधी काढ

चि. बाळास,

परदेशी कंपन्यांची कंत्राटी कामं कमी करून आपल्याच भागातल्या कारखान्यांना अंतर्गत वापराची सॉफ्टवेअर साधनं करून द्यायची, हा तुझा बेत दादाने फोनवर सांगितला. दादाला काळजी वाटते, मला मात्र आनंद झाला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत विजेच्या भट्ट्या आल्या, सीएनसी यंत्रं आली, पण कुणाकडे किती माल पडून आहे हे अजून थोडं एक्सेलमध्ये, थोडं वहीत आणि उरलेलं एखाद्या जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात असतं. तो माणूस रजेवर गेला की डिस्पॅच अडतो. हे काम कुणीतरी मनापासून करायलाच हवं होतं. मी आयुष्यभर स्टोअरच्या आणि हिशेबाच्या टेबलावर बसले, म्हणजे तू जे बनवणार ते वापरणाऱ्यांच्या बाजूला. त्या बाजूने काही सांगते.

तुझ्या आधी या वाटेने चांगली माणसं गेली आहेत. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरतला, ते करायला सांगितलं. १९८६ साली सुरू झालेलं ते काम म्हणजे टॅली. मुंबईच्या रुशभ मेहतांचं ईआरपीनेक्स्टही घरच्या फर्निचरच्या धंद्याच्या गरजेतून उभं राहिलं. दोघांचाही पहिला ग्राहक घरातलाच, त्यामुळे चुकलेला आकडा लपवायला जागाच नव्हती. म्हणून तुझ्या कंपनीची कोटेशनं, बिलं, हजेरी, येणं-देणं हे सगळं आधी तुझ्याच साधनावर चालू दे. जे तुमच्या हिशेबनिसाला नकोसं होतं, ते दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये.

पण ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, ती लंडनची आहे. तिथे जे. लायन्स नावाची कंपनी होती. चहा, केक, पाव आणि गावोगावी पसरलेली चहाची दुकानं हा तिचा धंदा. या चहावाल्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकाला पैशाची मदत केली आणि त्याच्या धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. १९५१ च्या नोव्हेंबरात बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब त्यावर नियमित होऊ लागला. रोजच्या धंद्याचं काम नेमाने करणारा जगातला पहिला संगणक म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. मला त्या यंत्रापेक्षा त्याच्या आधीची वर्षं मोठी वाटतात. जॉन सिमन्स हा गणिताचा माणूस तिथे १९२३ मध्ये आला. कारकून काय करतात, तोच आकडा किती जणांच्या हातून उतरवला जातो, कुठला कागद कुणीच वाचत नाही, याचा अभ्यास करणारा वेगळा विभागच तिथे संगणकाच्या किती तरी आधीपासून काम करत होता. यंत्र आलं तेव्हा त्यांना त्याला काय विचारायचं ते माहीत होतं.

त्यांनी दुकानांच्या मागणीचं काम कसं लावलं ते बघ. प्रत्येक दुकानाची वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्राकडे असे. दुकान सांभाळणाऱ्या बाईला मुख्य कचेरीतून फोन जाई आणि ती फक्त बदल सांगे. आज पाव जास्त, केक कमी, इतकंच. ते ऐकता ऐकता पलीकडे कार्डावर नोंद होई. बाईने काहीच बदललं नाही तर नेहमीचा माल येई. तिच्याकडून रोज सगळा तक्ता भरून घ्यावा असं त्यांना वाटलं नाही, कारण गिऱ्हाइकं सांभाळणं हे तिचं खरं काम आहे हे ते ओळखून होते. तू गेटपासचं पान करशील तेव्हा ही बाई डोळ्यांपुढे ठेव. वॉचमनला तेरा रकाने भरायला लावणारा पडदा मी पाहिला आहे. तो सगळीकडे एकच आकडा टाकून मोकळा व्हायचा आणि बाहेर ट्रक हॉर्न वाजवत उभा.

आता आपल्या मालाकडे ये. भट्टीतून ओतलेला लॉट हीट नंबर, म्हणजे त्या ओताचा क्रमांक, घेऊन निघतो, फेटलिंग म्हणजे घासून साफसफाई होते, मग मशीनिंगला बाहेर जॉबवर्कला जातो. समज, शंभर नग गेले. ब्याण्णव परत आले. चार नगांत मशीनिंग करताना आत पोकळी सापडली, म्हणजे दोष ओतकामाचा, जॉबवर्करची मजुरी द्यावीच लागणार. एक त्याच्या हातून बिघडला, त्याची वजावट करायची. तीन त्याच्याकडेच आहेत, पुढच्या लॉटबरोबर येतील. आणि या ब्याण्णवांखेरीज मागच्या चलनाचे दोन नगही त्यांत मिसळून आले आहेत. हे रोजचं आहे. आम्हाला एकदा जे सॉफ्टवेअर मिळालं होतं त्यात दोनच पर्याय होते, माल आला किंवा माल आला नाही. मग आमच्या स्टोअरच्या मुलाने काय केलं? चलन बंद करायला शंभर आले म्हणून लिहिलं आणि खरी गोष्ट लाल वहीत ठेवली. तो मुलगा सचोटीचा होता. पडद्यावर खरं लिहायला जागाच नव्हती. अशी वही कुठल्याही टेबलाच्या खणात दिसली तर ती बंद करायला सांगू नकोस. मांडीवर घेऊन वाच. तुला काय बनवायचं आहे ते सगळं तिच्यात आहे, समासातल्या खुणांसकट.

आणि हे नुसतं सोयीचं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. म्हणजे कर आणि वर व्याज. ते तीन नग तुझ्या पडद्यावर वर्ष भरायच्या बऱ्याच आधी ठळक दिसले पाहिजेत, आणि कुणाच्या नावावर, कुठल्या चलनाचे, हेही.

कायद्याच्या बाबतीत एवढं सांभाळ की कुठलाही दर किंवा मर्यादा प्रोग्रामच्या पोटात घट्ट बसवू नकोस. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत पाच कोटींवर आलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दरच बदलले. दराला तारीख जोडलेली असली की असल्या दिवशी हिशेबनिसाला एक ओळ भरायची असते. नसली तर तुझी मुलं रात्रभर जागतात आणि सकाळची बिलं तरीही चुकतात.

यापुढचं मात्र नीट मन लावून वाच. लायन्सने लिओसाठी वेगळी कंपनी काढली. ती पुढे दुसऱ्या कंपन्यांत मिसळत १९६८ मध्ये आयसीएलमध्ये गेली आणि आयसीएल पुढे जपानच्या फुजित्सूकडे. त्याच आयसीएलने ब्रिटनच्या टपाल खात्यासाठी होरायझन नावाची प्रणाली केली. १९९९ पासून ती छोट्या टपाल कचेऱ्यांत बसवली गेली. गल्लीतली टपाल कचेरी चालवणारी साधी माणसं संध्याकाळी रोकड मोजत आणि पडदा सांगे की इतके पौंड कमी आहेत. करारानुसार तूट त्यांनी भरायची. कित्येकांनी साठवणीतले पैसे घालून ती भरली. पडद्यावरचा आकडा कसा आला हे तपासायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. मदतीच्या फोनवर अनेकांना ऐकायला मिळे की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. नऊशेहून अधिक जणांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. अ‍ॅलन बेट्स नावाच्या अशाच एका कचेरीचालकाने बाकीच्यांना जमवून वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निकाल दिला. बनवणाऱ्या कंपनीचे लोक दुरून त्या खात्यांत बदल करू शकत होते, आणि ते बराच काळ नाकारलं जात होतं, हेही समोर आलं. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्यातल्या कित्येक शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

एकाच वंशातली ही दोन यंत्रं. पहिल्यात बाईला फोनवर बदल सांगता येत होता. दुसऱ्यात यंत्र बोलेल ते शेवटचं. तुझं साधन कितीही लहान असो, एखाद्या स्टोअरकीपरच्या पगारातून तुटीची रक्कम कापायची की नाही हे उद्या त्यातल्या आकड्यावर ठरणार आहे. म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की तो कुठल्या चलनातून, कुणाच्या नोंदीतून आला ते त्या टेबलावरच्या माणसाला दिसलं पाहिजे. फक्त मालकाला आणि तुला दिसून भागत नाही. चुकलेली नोंद पुसायची नाही, उलट नोंद करून दुरुस्त करायची, कारण आणि नावासह. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बदलांची बंद न करता येणारी नोंद ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, पण तू ती स्टोअरला आणि गेटलाही ठेव. आणि तुझी माणसं मदत करायला दुरून आत शिरतील, तेव्हा त्यांचा प्रत्येक स्पर्श तुझ्या कंपनीच्या नावाने त्याच यादीत ग्राहकाला दिसू दे. याला तुझ्याच हुशार मुलांचा विरोध होईल. म्हणतील, साहेब, पटकन मागून एक आकडा बदलून देतो, कुणाला कळणार नाही. त्या दिवशी तू मालक म्हणून उभा राहा.

आता तो कागद वाचणारा एआयही तू घेणार आहेस असं दादा म्हणाला. जरूर घे, पर्चेस ऑर्डरी टाइप करण्यात पोरींचे डोळे जातात. फक्त वाचलेल्या आकड्याशेजारी मूळ कागदाचा तो तुकडा दिसू दे आणि मंजूर करणारा हात माणसाचा ठेव. वसुलीच्या पत्रांचंही तसंच. लघुउद्योगांची बिलं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकती करायची, नाहीतर प्राप्तिकरात खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष चुकते होतील त्याच वर्षी मिळते, हा नियम आल्यापासून स्मरणपत्रं आपोआप पाठवावीत असं सगळ्यांना वाटतं. पत्र यंत्राने तयार करावं, पण पाठवायचं बटण हिशेबाच्या बाईंकडे असू दे. कुठल्या पार्टीच्या घरी दुःख झालंय, कुणाशी मालाच्या दर्जावरून बोलणं चालू आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

पैशाबद्दल थोडक्यात. बनवण्याचे आणि वार्षिक देखभालीचे (एएमसी) दर वेगळे सांग, पहिल्याच दिवशी. ग्राहकाला त्याचा सगळा डेटा हवा तेव्हा एक्सेलमध्ये काढून नेता आला पाहिजे, तुझं बिल थकलेलं असलं तरी. वसुली कर, भांडून कर, पण त्याच्या चलनांना ओलीस धरू नकोस. आणि इंटरनेट गेलं तर रात्री गेटवरचा ट्रक कसा सुटेल, हे छापील कागदावर, मराठीत, वॉचमनच्या भिंतीला लावून ये.

पहिलं काम शिरोलीच्या त्या फौंड्रीचं आहे ना? मग मालकाला दाखवायचे रंगीत तक्ते आत्ता राहू देत. दोन रात्रपाळ्या गेटवर आणि एक दिवस रिजेक्शनच्या ढिगापाशी बसून काढ, आणि आधी दुरुस्तीची पानं तयार कर: कमी आला, जास्त आला, मिसळून आला, परत पाठवला. ती झाली की मला दाखव. मी जुनी चलनं घेऊन बसते आणि एकेक त्यात घालून बघते.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या