शेवटचा हात कुणाचा?

आमच्या पेठेत एक फिटर होता. स्कूटर ढकलत नेली की तो आधी गाडीकडे बघत नसे, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघे आणि विचारी, "आधी कुणी उघडली होती का?" आम्ही सगळे एकाच सुरात सांगायचो, "छे, कुणी हातसुद्धा लावला नाही." हे उत्तर बहुतेक वेळा खोटं असे, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे आम्हालाही. चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं हे तेव्हा मध्यमवर्गीय पुरुषाचं रविवारचं कर्तव्यच होतं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लग काळा व्हायचाच. एकदा प्लग परत बसवताना मी तो वाकडा धरला आणि वर पान्याने जोर लावला. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. आटे गेले. फिटरला म्हणालो, "आपोआप सैल झाला." तो हसला नाही, रागावलाही नाही. "आटे आपोआप जात नसतात साहेब," एवढं बोलून कामाला लागला.

हा माणूस मला चाळीसेक वर्षांनी आठवला तो मिशिगनमध्ये, भाच्याच्या गॅरेजात, उपड्या बादलीवर बसलेलो असताना. तिकडे गॅरेज म्हणजे घराचीच एक खोली. त्यात गाडी असते, बर्फ ओढायचं फावडं असतं, हत्यारांचं कपाट असतं. फिटर तेवढा नसतो.

भाचा नोकरी करतो डेट्रॉइटजवळ, गाड्यांच्याच एका कंपनीत, पण त्याचं काम सॉफ्टवेअरचं. इंजिनाला हात लावायला मिळत नाही ही त्याची जुनी खंत. म्हणून त्याने जुनी माझ्दा एमएक्स-५ घेतली, २००१ची, गडद हिरवी, कापडी छप्पर मागे टाकता येणारी. दोन माणसं आणि एक पिशवी एवढीच जागा. एवढ्या पैशात एवढीच जागा का, हा प्रश्न मी सवयीने विचारला आणि त्याने सवयीने दुर्लक्ष केलं. पण गाडीची गोष्ट मात्र त्याने रंगवून सांगितली. हलकी, स्वस्त, उघडी स्पोर्ट्स कार काढा, असं १९७९मध्ये बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन वाहन-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं. हॉल पुढे त्याच कंपनीत गेले आणि १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी जगापुढे आली. २०१६मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. तिच्या कर्त्यांनी एक जपानी शब्दप्रयोग डोळ्यांपुढे ठेवला होता: जिंबा इत्ताई. घोडा आणि स्वार, दोघांचं मिळून एक शरीर.

तर हा घोडा लंगडत होता.

मी पोचण्याच्या आठ दिवस आधी भाच्याने एका रविवारी तीन कामं उरकली होती. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, चारही प्लग बदलले आणि प्लगच्या चारही वायरी बदलल्या. कामं चुकीची नव्हती. वीस-बावीस वर्षांत पॅकिंगचं रबर कडक होतं, त्यातून ऑइल झिरपून प्लगच्या खोल विहिरींत उतरतं आणि वायरींच्या टोकाच्या टोप्या त्यात कुजतात. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून अशा गाड्या थंडीभर झाकून ठेवायच्या. त्याआधी तिची डागडुजी करावी हा त्याचा हिशेब. संध्याकाळी सगळं परत बसवलं, किल्ली फिरवली आणि गाडी झटके द्यायला लागली. आपल्याकडचे मेकॅनिक याला 'मिसिंग' म्हणतात. चारातला एक सिलिंडर आपल्या पाळीला पेटतच नाही.

इंजिन नुसतं उभ्या गाडीत मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला चारशे वेळा पेटतो. क्रम ठरलेला: एक, तीन, चार, दोन. यातला एक गप्प झाला की उरलेले तिघे त्याला ओढत नेतात आणि सगळी गाडी थरथरते. गाडीतल्या कॉम्प्युटरला ठिणगी दिसत नाही, पेट्रोलही दिसत नाही. तो क्रँकची गती मोजत असतो. तिसऱ्याच्या पाळीला चाक दर वेळी किंचित मागे पडतंय, एवढंच त्याला कळतं; त्यावरून तो आकडा देतो: पी-०३०३. तिसरा सिलिंडर. कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही. वर समोरचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागतो, आणि त्या उघडझापेचा अर्थ वेगळा आहे. नुसता लागलेला दिवा म्हणतो, सवडीने बघ. उघडझाप करणारा म्हणतो, आत्ता थांब. कारण न पेटलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि धूर शुद्ध करणारी ती महागडी जाळी भाजून निघते. चूक एकाची, भाजतो दुसराच. हे यंत्रातही असतं याची मला गंमत वाटली.

भाच्याने आठ दिवसांत काय काय केलं ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं. टॅपेट कव्हरवरची हवेची नळी अर्धवट सुटली होती, ती नीट बसवली, फरक नाही. तिसऱ्याला जुनी वायर लावून पाहिली, फरक नाही. पेट्रोलमध्ये इंजेक्टर साफ करणारं औषध घातलं; नाही. मग नवी कॉइल मागवली, बसवली, नाही. आता इंजेक्टर काढायचा विचार होता, तोही नाही तर कॉम्प्रेशन तपासायचं, म्हणजे दुखणं थेट पिस्टन-व्हॉल्व्हपर्यंत न्यायचं.

मला इंजिनातलं कळत नाही. पण मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत आणि यादीतून काय गळलंय ते मला दिसतं. विचारलं, "यात प्लग कुठे आहेत?"

"ते नवीन आहेत, मामा."

"कॉइल काय करते?"

तिथे तो खुलला. कागदावर आकृती काढून दाखवली. या इंजिनात एका कॉइलवर दोन सिलिंडर असतात, एक-चार आणि दोन-तीन. कॉइल दोघांनाही एकाच वेळी ठिणगी देते. एकाला ती उपयोगी पडते, दुसऱ्याची वाया जाते.

"मग कॉइल गेली असती तर दुसऱ्यानेही बोंब मारली असती ना?"

तो आकृतीकडे बघत राहिला. हे सगळं त्याला कॉइल मागवण्याआधीच माहीत होतं.

रात्री आम्ही गॅरेजचं मोठं दार पूर्ण उघडलं, दिवे घालवले आणि गाडी चालू केली. अंधारात निळी ठिणगी कुठून निसटते का ते बघायचं, ही फार जुनी युक्ती. दिसलं काही नाही, विहिरी खोल आहेत. पण तिसरीजवळ कान नेला की इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक. पाल चुकचुकावी तसा. गाडी बंद करून, इंजिन निवल्यावर त्याने तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात घातला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. पुन्हा चालू. आकडा बदलला: पी-०३०२. भूत शेजारच्या खोलीत राहायला गेलं होतं.

प्लग काढून टॉर्चखाली धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर, आणि तिच्या कडेने पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. वीज आतल्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती.

भाचा म्हणाला, "हा पडला होता."

कॉंक्रीटवर पडला होता, त्याच रविवारी, हातातून सुटून. त्याने उचलला, पुसला, टोकातली फट गेजने मोजली, बरोबर होती. दुकान बंद झालं होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. बसवून टाकला. पडलेला प्लग वापरू नये हे त्याला माहीत होतं. त्याने पाहिलेल्या व्हिडिओतसुद्धा ते सांगितलेलं होतं.

मला इथे बराच वेळ थांबावंसं वाटतं, कारण तो खोटारडा मुलगा नाही. त्या गॅरेजात खोटं बोलायला समोर कुणी नव्हतंच. बायको विचारत नव्हती, फिटर तोंडाकडे बघत नव्हता. मग त्याने ते कुणापासून लपवलं? 'विसरलो' असं तो म्हणाला नाही, आणि 'आठवत होतं' असंही नाही. या दोन्हींच्या मधली एक जागा असते. कानाडोळा हा शब्द आपण दुसऱ्यांच्या चुकांसाठी वापरतो; स्वतःच्या बाबतीत तोच इतक्या सफाईने होतो की डोळ्याला आणि कानालाही पत्ता लागत नाही. त्याच्या वहीत इतर सगळ्यांवर संशय होता. वायर बनवणाऱ्यावर, कॉइलवर, ज्या म्हाताऱ्या जोडप्याकडून गाडी घेतली त्यांच्या हेळसांडीवर, वीस वर्षांच्या जपानी ॲल्युमिनियमवर. एवढी सगळी नावं एका नावाची जागा भरून काढायला लागली.

आणि मी बोलतोय कुणाला? १९८४ साली तालुक्याच्या शाखेत सहामाहीचा बॅलन्स जुळत नव्हता. फरक ६३ रुपयांचा. तेव्हा सगळा कारभार हाती लिहिलेल्या लेजरांवर चाले. फरकाला ९ने पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे शाखेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. ६३ म्हणजे नऊ साते. मी चार रात्री जागलो, दुसऱ्यांच्या लेजरांत. एक सहकारी घाईघाईने लिहायचा, त्याची पानं मी दोनदा तपासली. पाचव्या दिवशी हेड क्लार्कनी माझं लेजर उघडलं आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं: ८१च्या जागी १८, माझ्याच वळणदार अक्षरात. अक्षर वळणदार असल्याचा मला अभिमान होता आणि त्यामुळेच माझी पानं मी नजरेखालून घातलीच नव्हती. भाच्याचे प्लग 'नवीन' होते, माझं अक्षर 'चांगलं' होतं.

बँकेत एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं, ही पद्धत शहाण्या माणसांनी घातली आहे. एकटा माणूस स्वतःच्या गाडीखाली शिरतो तेव्हा लिहिणाराही तोच आणि तपासणाराही तोच. त्यावर उपाय म्हणून गाडी फिटरकडेच द्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. फिटरकडे दिली की आपली आणखी मोठी सोय होते. 'त्यानेच काहीतरी करून ठेवलंय' हे वाक्य आयतं मिळतं. आपल्याकडे हे वाक्य इतकं स्वस्त आहे की गाडी, नळ, भिंतीचा रंग, मुलाचे मार्क, सगळ्यांना ते चालतं. पेठेतल्या त्या फिटरने किती बिघाड स्वतःच्या नावावर घेतले असतील, त्यातले किती आमच्या रविवारच्या हातांचे होते, हे तोच जाणे. पैसेही त्याने आटे नवे पाडायचे तेवढेच घेतले होते.

दुसऱ्या दिवशी भाच्याने एक नवा प्लग आणला आणि हाताने आटे लागेपर्यंत फिरवून मगच पाना लावला. गाडी सुरू झाली ती रांगेत चालणाऱ्या शाळकरी मुलींसारखी, एका लयीत. जुनी कॉइल तिच्या जागी परत गेली. नवी राहिली डब्यात.

मग आम्ही ती कॉइल परत करायला गेलो, छप्पर उघडं टाकून. ऑक्टोबरचं ऊन होतं, मेपलची पानं तांबडी झाली होती, आणि मान्य करतो, दोन माणसांची गाडी मला तेव्हा पटली. डबा माझ्या मांडीवर. कॉइल चार दिवस इंजिनावर होती, पण पुसून ठेवल्यावर नवीकोरी दिसत होती. शंभरेक डॉलरचा प्रश्न. वाटेत भाच्याने सांगितलं की दुकानाचा नियम आहे, विजेचा भाग एकदा गाडीला बसवला की परत घेत नाहीत. काउंटरवरचा माणूस फक्त तोंडी विचारतो.

मी गाडीतच बसलो. काचेतून दिसत होतं: काउंटरवरच्या पोराने डबा उघडला, कॉइल उलटसुलट केली आणि मान वर करून काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल ते मला इथून, भाषा न ऐकता, कळलं.

भाचा बाहेर आला तेव्हा डबा त्याच्या हातात होता. त्याने तो माझ्या मांडीवर टाकला, दार जरा जोरातच लावलं आणि किल्ली फिरवायच्या आधी म्हणाला, "मामा, तू बाहेर बसलेला नसतास ना, तर परत झाली असती."